रिबिनीचा बो: निवड, मोजमाप आणि बांधणी

भेटवस्तूवर, बारशाच्या पाळण्यावर, रुखवताच्या ताटावर किंवा नवरदेवाच्या गाडीवर बो बांधायला नव्याने शिकणारी बहुतेक मंडळी दुकानात शिरल्यावर आधी रंग निवडतात. घरी आल्यावर मात्र तीच मनासारख्या रंगाची रिबीन पाकळी धरत नाही, गाठीतून सुटते किंवा खोक्याच्या मानाने अगदीच बारीक दिसते. माझे स्पष्ट मत असे आहे की रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. बो कशावर बसणार आहे, किती वेळ टिकायला हवा आणि तो शेवटी कोणी तरी सोडणार आहे की नाही, या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. त्यावरून रिबिनीचा प्रकार ठरतो, प्रकारानंतर रुंदी, रुंदीवरून लांबी, आणि मग रंग. या क्रमाने गेल्यास पहिलाच बो नीट जमतो आणि पैसेही वाया जात नाहीत.

पुढे काही शब्द वारंवार येतील, ते आधी सांगतो. बोच्या दोन फुगीर कड्यांना आपण पाकळ्या म्हणू, मधल्या बांधणीला गाठ, आणि खाली सुटलेल्या दोन भागांना टोके. ओढताच सुटणारी ती सुरगाठ आणि न सुटणारी ती निरगाठ, हे घरोघरी ठाऊक असते. भेटवस्तूला नेहमी सुरगाठ घालावी, कारण घेणाऱ्याने एक टोक ओढताच बो सुटायला हवा, त्याला कात्री शोधायला लावू नये. गाडी, मखर, प्रवेशद्वाराची कमान अशा ठिकाणी मात्र निरगाठच हवी.

रिबीन कोणती घ्यावी

बाजारात सर्वाधिक खपते ती साटीनची रिबीन. साटीन हा मुळात विणीचा प्रकार आहे. या विणीत एका बाजूचे धागे लांबलांब तरंगते राहतात आणि त्या सपाट धाग्यांवरून उजेड परावर्तित होतो म्हणून ती बाजू चमकते. साध्या साटीनला एकच बाजू चमकदार असते आणि दुसरी मंद. दोन्ही बाजूंनी चमकणारी साटीन रिबीन थोडी महाग पडते, परंतु हाताने बांधायच्या बोसाठी नवशिक्याने तीच घ्यावी. हाताने बांधताना रिबीन दोन-तीनदा उलटते आणि एकतर्फी रिबिनीची मंद बाजू नेमकी एका पाकळीवर वर येते. शिवून करायच्या बोसाठी एकतर्फी रिबीन पुरेशी आहे, कारण तेथे प्रत्येक तुकडा आपण हव्या त्या बाजूने ठेवतो.

आडव्या, बारीक, बोटाला जाणवणाऱ्या रेघांच्या रिबिनीला ग्रॉसग्रेन म्हणतात. ती कडक असते, गाठीतून घसरत नाही आणि पाकळीचा आकार धरून ठेवते. मुलींच्या केसांच्या क्लिपांसाठी आणि ज्यांचा हात अजून बसलेला नाही अशांच्या सरावासाठी हिच्यासारखी दुसरी रिबीन नाही. ऑर्गंझा ही पारदर्शक आणि हलकी असते. ती मोठ्या, फुगीर बोला शोभते, मात्र कडेचे धागे लवकर सुटतात. मखमली रिबीन जाड असल्याने तिच्या लहान पाकळ्या नीट वळत नाहीत, म्हणून ती रुंद बोसाठीच घ्यावी. तागाची रिबीन कुंडीला किंवा काचेच्या बरणीला छान दिसते, पण पावसाळ्यात ओल धरते. फुगे बांधायला वापरतात ती बारीक, प्लॅस्टिकची चमकदार रिबीन बोसाठी घेऊच नये. तिचे काम निराळे आहे. कात्रीच्या पात्याच्या बोथट कडेवरून ती ताणून ओढली की तिची वेटोळी होतात आणि ती बोखाली सोडली की भरगच्च दिसते.

कडांमध्ये बारीक तार घातलेली रिबीन हा आणखी एक प्रकार आहे. तिची पाकळी जशी वळवू तशी राहते, दबली तरी बोटाने पुन्हा फुगवता येते. दारावरच्या आणि गाडीवरच्या मोठ्या बोसाठी ती उत्तम. मात्र लहान मुलांच्या कपड्यांवर किंवा केसांत ती वापरू नये, कारण कापलेल्या टोकाशी तारेचे अग्र बोचते. ती कापायला घरातली जुनी कात्री घ्यावी. कापडाच्या कात्रीची धार तारेवर एकदा बसली की पुन्हा कापडावर चालत नाही.

रुंदी आणि लांबीचा हिशेब

रिबिनी साधारणपणे ३, ६, १०, १२, २५, ३८ आणि ५० मिलिमीटर रुंदीत मिळतात. दुकानदार मात्र इंचांत बोलतात: पाव इंची म्हणजे ६, अर्धा इंची म्हणजे १२, एक इंची म्हणजे २५, दीड इंची म्हणजे ३८ आणि दोन इंची म्हणजे ५० मिलिमीटर. मी पाळतो तो ठोकताळा असा आहे: खोक्याच्या लहान बाजूच्या साधारण पाचव्या ते आठव्या भागाइतकी रिबीन रुंद असावी. २० सेंटिमीटर रुंद खोक्याला २५ ते ३८ मिलिमीटर, तर हळदीकुंकवाच्या वाणाच्या लहानशा पुडीला ६ मिलिमीटर. पूर्ण बोची रुंदी खोक्याच्या लांब बाजूच्या निम्म्यापेक्षा थोडी कमी असली की तो डोळ्यांना बरा वाटतो.

आता लांबी. २५ मिलिमीटरच्या रिबिनीचा, ७ सेंटिमीटरच्या दोन पाकळ्यांचा बो घ्या. प्रत्येक पाकळी जाऊन परत येते, म्हणून एका पाकळीला १४ आणि दोन्हींना २८ सेंटिमीटर लागतात. गाठीत सुमारे ८ जातात, आणि १० सेंटिमीटरची दोन टोके म्हणजे आणखी २०. एकूण ५६, म्हणजे ६० सेंटिमीटर कापावी. शेवटी टोके सारखी करताना थोडी छाटावी लागतातच.

खोक्याभोवती चौकटीत रिबीन फिरवायची असेल तर हिशेब असा: लांबीची दुप्पट, अधिक रुंदीची दुप्पट, अधिक उंचीची चौपट, आणि त्यात बोची लांबी मिळवायची. दिवाळीच्या फराळाचे ३० बाय २० सेंटिमीटरचे आणि १० सेंटिमीटर उंचीचे खोके घेतले तर ६०, ४० आणि ४० मिळून १४० सेंटिमीटर होतात. त्यात बोचे ६० मिळवले की बरोबर २ मीटर. आता दुकानात मिळणारी रिळे पुष्कळदा वारांत असतात. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, म्हणून २५ वारांचे रीळ २५ मीटर नसून २२.८६ मीटर भरते. त्यात अशी ११ खोकी होतात, १२ होत नाहीत. सोसायटीतल्या वीस घरांना फराळ वाटायचा असेल तर दोन रिळे लागतात, आणि ती एकाच वेळी घ्यावीत, कारण नंतर आणलेल्या रिळाचा रंग किंचित वेगळा निघण्याची शक्यता असते.

बाजारात काय पाहावे

ठाण्यात राहणाऱ्यांना जांभळी नाका आणि स्टेशन रोडच्या परिसरात एका चकरेत सगळे मिळते. लेस, बटणे, साडीचे फॉल विकणारी मॅचिंग सेंटरे कापडी रिबिनी मीटरवर कापून देतात, तर शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत रिळे आणि तयार बो मिळतात. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे या भागांत सेक्टरांतल्या मॅचिंग सेंटरांत आणि स्टेशनरीच्या दुकानांत किरकोळ खरेदी होते. लग्नासाठी किंवा धंद्यासाठी मोठ्या प्रमाणावर माल हवा असेल तर मुंबईतला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईचा परिसर आणि त्याला लागून असलेली अब्दुल रहमान स्ट्रीट गाठावी. ठाण्याहून जाताना धिमी लोकल धरून मस्जिद स्थानकावर उतरणे सोयीचे, कारण जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. वाशी, नेरूळकडून येणारी हार्बर मार्गाची गाडी मात्र तेथे थांबते. रविवारी तिकडची बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे.

रीळ हातात आल्यावर तीन गोष्टी तिथल्या तिथे तपासाव्यात. पहिली म्हणजे कड. रिबिनीची कड नखाने हलकेच खरवडावी. विणतानाच काठ बांधलेला असेल तर काही होत नाही. रुंद कापड उष्णतेने कापून पट्ट्या केल्या असतील तर कडेला किंचित कडकपणा जाणवतो आणि दोन-चार वेळा खरवडल्यावर धागे सुटू लागतात. अशी रिबीन स्वस्त असते आणि एकदा बांधून फेकायच्या कामाला चालते, पण केसांच्या बोला किंवा वर्षानुवर्षे वापरायच्या सजावटीला चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अंग. वीतभर रिबीन मुठीत घट्ट चुरगाळून सोडावी. ती सावकाश उलगडून पूर्ववत झाली तर पाकळी धरेल, आणि चुरगाळल्याच्या पांढरट रेषा राहिल्या तर त्या बोवरही दिसतील.

तिसरी तपासणी नवशिके हमखास विसरतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लाल, मरून, गडद हिरवा आणि निळा या रंगांच्या रिबिनी पाणी लागल्यावर रंग सोडू शकतात. पांढऱ्या सुती रुमालाचे टोक पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, त्यात रिबीन धरून पाच-सहा वेळा घासावे आणि रुमाल उघडून पाहावा. रुमालावर गुलाबी किंवा निळसर झाक आली तर ती रिबीन साडीच्या घडीवर, पांढऱ्या गाडीवर किंवा ओटीच्या ताटात ओल्या नारळाशेजारी ठेवू नये. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर पाऊस नसतानाही कापडाला ओल लागते. दुकानदार सहसा हरकत घेत नाहीत. घेतलीच तर एक मीटर रिबीन विकत घ्यावी, घरी तपासावी आणि मग रीळ घ्यावे.

हाताने बांधायचा बो

खोक्यावरचा बो बांधण्यापूर्वी रिबिनीचा मध्य शोधून तो खोक्याच्या वरच्या बाजूला मधोमध ठेवावा. दोन्ही टोके लांबीच्या दिशेने खाली न्यावीत, खोके अलगद उलटे करावे, तळाशी टोके एकमेकांवरून फिरवून काटकोनात वळवावीत आणि खोके पुन्हा सुलटे करून रुंदीच्या बाजूंनी वर आणावीत. तळाशी वळवताना रिबीन उलटते, म्हणून खोके सुलटे करण्याआधी चमकदार बाजू बाहेर आहे ना ते पाहून घ्यावे. रिबीन सपाट आणि ताठ बसली पाहिजे, मात्र पुठ्ठ्याच्या कडा आत दबतील इतकी ओढू नये.

आता गाठ. डाव्या हातातले टोक उजव्यावरून न्यावे, मधल्या पट्टीच्या खालून काढावे आणि घट्ट ओढावे. ही पहिली गाठ झाली, आणि तिच्यात टोकांची अदलाबदल झाली. आता डावीकडे असलेल्या टोकाची एक पाकळी करून तिचे बूड चिमटीत धरावे. उजवीकडचे टोक या पाकळीच्या समोरून घ्यावे, वरून मागे न्यावे आणि मागच्या बाजूने जी फट तयार होते तिच्यातून ते टोक नव्हे, तर त्याची घडी बाहेर काढावी. ही दुसरी पाकळी. दोन्ही पाकळ्या दोन हातांनी एकाच वेळी, सारख्या जोराने बाहेर ओढाव्यात.

येथे नव्याने शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण उद्भवते. बो बांधून होतो, पण आडवा न बसता फिरून उभा राहतो, आणि कितीही सरळ केला तरी पुन्हा तसाच वळतो. दोष हाताचा किंवा रिबिनीचा नसतो, तो गाठीच्या दिशेचा असतो. पहिली गाठ ‘डावे उजव्यावरून’ आणि दुसरीही ‘डावे उजव्यावरून’ अशी बांधली गेली की गाठीतले वळसे एकमेकांशी जुळत नाहीत, गाठ तिरकी बसते, आपल्याबरोबर पाकळ्यांनाही फिरवते आणि पुढे लवकर सैलही होते. पहिली ‘डावे उजव्यावरून’ बांधली असेल तर दुसरी ‘उजवे डाव्यावरून’ असायलाच हवी. मग टोके ज्या दिशांनी वर आली त्याच दिशांना पाकळ्या डावी-उजवीकडे सपाट पसरतात. बुटाच्या नाडीलाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे सराव रोज सकाळी बूट घालताना करता येतो. डावखुऱ्यांनी दोन्ही पायऱ्या उलट कराव्यात. दोन्ही पायऱ्या परस्परविरुद्ध असणे एवढेच महत्त्वाचे आहे.

एकतर्फी रिबीनच हाताशी असेल तर उजवे टोक पाकळीमागून फिरवताना त्याला गाठीपाशी अर्धा पीळ द्यावा, म्हणजे दुसऱ्या पाकळीवर चमकदार बाजू येते. तो पीळ गाठीत लपतो. बांधून झाल्यावर पाकळ्यांत एकेक बोट घालून त्या आतून फुगवाव्यात. वरून ओढून आकार देऊ नये, त्याने गाठ सैल पडते.

टोके कापणे आणि बंद करणे

बो बांधून झाल्यावरच टोके कापावीत. तिरका छेद सर्वांत सोपा. माशाच्या शेपटीसारखी खाच हवी असेल तर टोक उभे दुमडावे, म्हणजे दोन्ही काठ एकमेकांवर येतील. दुमडलेल्या बाजूवर, टोकापासून अडीच-तीन सेंटिमीटर आत कात्री लावावी आणि तेथून उघड्या काठांच्या टोकाकडे तिरकी न्यावी. उलट दिशेने कापल्यास खाचेऐवजी बाणासारखे एकच टोक होते.

पॉलिस्टर आणि नायलॉनच्या रिबिनीची कापलेली कड उष्णतेने वितळते आणि धागे आपसांत चिकटून बंद होतात. पंखा बंद करावा, मेणबत्ती किंवा लायटर स्थिर धरावा आणि रिबिनीची कड ज्योतीच्या तळाकडच्या निळसर भागाच्या बाजूने, ज्योतीला न शिवता, झटकन एकदा न्यावी. वरच्या पिवळ्या भागात काजळी असते आणि पांढऱ्या किंवा फिकट रिबिनीवर तिचा काळा डाग पडतो. वितळलेल्या कडेला लगेच बोट लावू नये, ती चिकटून भाजते. सुती आणि तागाची रिबीन वितळत नाही, ती पेट घेते. म्हणून तिच्या कडेला फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात किंवा रंगहीन नेलपॉलिश लावून वाळू द्यावे. रिबीन कशाची आहे याविषयी शंका असेल तर आधी एक लहान कातरण वाटीत धरून तिला ज्योत लावून पाहावी.

शिवून करायचा बो

केसांची क्लिप, झबले, पडद्याचा बंद किंवा रुखवतातील वस्तू यांसाठी शिवलेला बो बरा, कारण तो सुटत नाही आणि सगळे बो एकसारखे होतात. ३८ मिलिमीटर रुंदीच्या रिबिनीचे दोन तुकडे घ्यावेत: पाकळ्यांसाठी ३२ सेंटिमीटर आणि टोकांसाठी २८ सेंटिमीटर. मधल्या पट्टीसाठी १२ मिलिमीटर रुंदीच्या रिबिनीचा ८ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. मोठ्या तुकड्याची दोन टोके एक सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून कडे करावे आणि जोड मागच्या बाजूला मधोमध येईल असे ते चपटे करावे. ते साडेपंधरा सेंटिमीटर रुंद होते. त्याच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, दुहेरी दोऱ्याने अर्ध्या सेंटिमीटरच्या टाक्यांचा धावदोरा घालावा. दोरा ओढला की चुण्या पडतात. त्या दोन-तीन सारख्या चुण्यांत बसवून दोरा मध्यावर तीन-चार वेढे घट्ट गुंडाळावा आणि मागे गाठ मारावी. टोकांचा तुकडा मध्यावर तसाच चुणून मागून जोडावा, वरून अरुंद पट्टी गुंडाळावी आणि ती मागच्या बाजूला शिवावी. गरम गोंदाची बंदूक वापरता येते, परंतु पातळ साटीनमधून गोंदाचा डाग पुढे दिसतो, म्हणून दोन टाके घालणेच चांगले.

संक्रांतीच्या वाणासाठी किंवा बारशाच्या भेटींसाठी बारीक बो डझनांनी करायचे असतात, तेव्हा जेवणाचा चार दातांचा काटा कामी येतो. ६ मिलिमीटर रुंदीची १५ सेंटिमीटर रिबीन काट्याच्या दातांमागे ठेवावी, उजवे टोक समोरून डावीकडे आणि डावे टोक समोरून उजवीकडे न्यावे. मग त्याच रंगाच्या दोऱ्याचा तुकडा मधल्या फटीतून रिबिनीच्या खालून आत घालावा, वरच्या बाजूने पुढे काढावा आणि सगळे थर मिळून घट्ट निरगाठ मारावी. काट्यावरून सरकवून काढला की अडीच सेंटिमीटरचा नेटका बो हातात येतो. २५ वारांच्या रिळात असे दीडशे बो होतात.

तयार बो

वेळ नसेल तर तयार बो वापरण्यात काहीही कमीपणा नाही. पुल बो ही चपटी पट्टी असते आणि तिच्या आतून दोन बारीक फिती जातात. बाहेरची रिबीन एका हातात सैल धरून त्या दोन फिती सारख्या ओढल्या की पाकळ्या एकामागून एक उठून फूल तयार होते. पूर्ण आकार आल्यावर लगेच बुडाशी निरगाठ मारावी. ती मारण्यापूर्वी फिती कापल्या तर सगळे फूल पुन्हा पट्टी होते. चिकटवायचे स्टार बो गुळगुळीत, कोरड्या कागदावर ठीक बसतात. खडबडीत हातकागदावर, कापडावर किंवा धूळ असलेल्या खोक्यावर ते तासाभरात पडतात, आणि पावसाळ्यात तर लवकरच. तेथे डबल टेपचा एक चौकोन जोडावा. साडीवर आणि शेल्यावर चिकटणारे बो कधीही लावू नयेत. त्यांचा गोंद जरीच्या धाग्यांत अडकतो. पैठणीला टाचणीही लावू नये. साडी पारदर्शक पिशवीत घालून त्या पिशवीवरून रिबीन फिरवावी.

प्रसंगानुसार

बारशाच्या पाळण्याला बो लावताना ते चौकटीच्या बाहेरच्या बाजूला आणि बाळाच्या हाताला न लागतील इतक्या उंचीवर असावेत. लोंबती टोके १० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नयेत आणि ती पाळण्याच्या आत मुळीच सोडू नयेत, कारण बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते आणि लांब रिबीन गळ्याभोवती अडकू शकते. टाचण्या, सेफ्टी पिना, मणी आणि तारेची रिबीन येथे वर्ज्य समजावी. समारंभ संपून बाळाला निजवायच्या वेळी सगळे बो काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित.

डोहाळेजेवणाला हिरवा, हळदीला पिवळा हे रंग आपोआप ठरतात. शुभकार्यात काळा रंग टाळला जातो, मात्र संक्रांतीच्या बोरन्हाणात काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालतात, तेव्हा काळ्या ग्रॉसग्रेनचा, कडेला पांढऱ्या बारीक रिबिनीचा बो फार देखणा दिसतो.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे गणपतीच्या मखरात कापड, कागद आणि रिबीन यांचा वापर स्वाभाविकपणे होतो. ऑर्गंझाचे मोठे बो मखराच्या वरच्या कोपऱ्यांत शोभतात. समई, निरांजन आणि कापूरआरती यांच्या जवळपास मात्र पॉलिस्टरची रिबीन नसावी. ती पेटल्यावर वितळून ठिबकते आणि खालच्या कापडालाही आग लावते. आरतीचे तबाक जेथवर फिरते त्याच्या बाहेर हातभर अंतर सोडूनच रिबीन लावावी, आणि टोके पंख्याच्या वाऱ्याने दिव्याकडे उडत नाहीत ना, हे पंखा चालू करून पाहावे.

लग्नाच्या गाडीसाठी आधी सुतळीने मोजमाप घ्यावे. बॉनेटच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांपासून समोरच्या जाळीपर्यंत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात सुतळी लावून पाहावी आणि तेवढी रिबीन, गाठींसाठी अर्धा मीटर जास्त धरून, कापावी. रिबीन जाळीला आणि आरशांच्या दांड्यांना बांधावी. इंजिनाच्या खोबणीत सैल टोके सोडू नयेत. रंगावर सेलोटेप लावल्यास उन्हात त्याचा चिकटा राहतो, म्हणून टेप टाळावा. क्रमांकाची पाटी, दिवे, इंडिकेटर आणि चालकासमोरची काच पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. गाडी घोडबंदर रस्त्यावरून किंवा पाम बीच मार्गावरून वेगाने जाणार असेल तर बो लहान आणि घट्ट ठेवावेत, टोके आखूड कापावीत आणि मधली गाठ दुहेरी मारावी. मोठ्या फुगीर पाकळ्यांत वारा भरतो आणि ऑर्गंझा गाठीपाशीच फाटते. अंतर लांबचे असेल तर मोठा बो सोबत न्यावा आणि कार्यालयाच्या दारात पोचल्यावर लावावा. कार्य आटोपल्यावर त्याच दिवशी रिबीन सोडावी, कारण रात्रीच्या दवाने किंवा पावसाने रंग उतरला तर गाडीच्या रंगावर पट्टे उमटतात.

सोडलेल्या चांगल्या रिबिनी पुन्हा वापरता येतात. पॉलिस्टरच्या रिबिनीवर सुती कापड घालून अगदी मंद इस्त्री फिरवावी. इस्त्री थेट टेकवली तर चमक जाते किंवा रिबीन चिकटते. मखमलीला इस्त्री न लावता वाफ द्यावी. सरळ झालेल्या रिबिनी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून टोक टाचणीऐवजी कागदी पट्टीने अडकवावे, म्हणजे भोक पडत नाही आणि गंजाचा डागही येत नाही. तागाच्या आणि तारेच्या रिबिनी जून ते सप्टेंबर या काळात झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येणारी सिलिका जेलची पुडी घालून ठेवाव्यात. ती पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी डबा असावा. बांधलेले बो मात्र एकावर एक रचू नयेत. त्यांच्या पाकळ्यांत टिश्यूपेपरचे बोळे भरून ते उथळ खोक्यात एकाच थरात मांडून ठेवावेत.